दम लागला की पंप: एका सवयीची पार्श्वभूमी

डॉक्टरांनी दम्याचे दोन पंप लिहून दिले, तरी वापरात राहतो एकच. काही मिनिटांत छाती मोकळी करणारा साल्ब्युटामॉलचा पंप खिशात, पर्समध्ये, उशाशी असतो. रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणत कपाटात जातो. याला पेशंटचा हलगर्जीपणा म्हणायची पद्धत आहे. पण दम्याच्या औषधांचा इतिहास पाहिला, तर ही सवय वैद्यकानेच लावलेली दिसते.

1802 मध्ये जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय मद्रासेहून ब्रिटनला नेला. धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनसारख्या द्रव्यांमुळे आवळलेल्या श्वासनलिका सैलावतात. पुढे शंभराहून अधिक वर्षं युरोप-अमेरिकेत धोतऱ्याच्या ‘दम्याच्या सिगारेटी’ चक्क औषधांच्या दुकानात मिळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आलं, 1920 च्या दशकात एफेड्रिन. सगळ्यांची रीत एकच: अटॅक आला की घ्या. मधल्या बऱ्या दिवसांत काय करायचं, याला उत्तरच नव्हतं.

त्याच काळात दमा हा मनाचा आजार ठरवण्याचीही लाट होती. न्यूयॉर्कचे ॲलर्जीतज्ज्ञ मरे पेश्किन यांनी मुलांना आईबापांपासून दूर, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात दम्याच्या मुलांसाठी असलेल्या संस्थेत ठेवण्याचा पुरस्कार केला आणि त्याला अपेंडिक्स कापल्यासारखं ‘पॅरेंटेक्टमी’ (म्हणजे आईबापच कापून काढणं) असं नाव दिलं! बरीच मुलं तिथे सुधारत. त्याचं श्रेय आईपासून सुटकेला द्यायचं की घरातल्या धुळीपासून सुटकेला, हा प्रश्न उरतोच. गंमत म्हणजे 1970 च्या दशकात याच संस्थेत मानसशास्त्रज्ञ थॉमस क्रीअर यांनी उलटी दिशा धरली. अटॅकची चाहूल ओळखायला आणि त्यावर पावलं उचलायला ते मुलांनाच शिकवू लागले. आज त्रास किती आहे त्यानुसार काय करायचं ते सांगणारा हिरवा-पिवळा-लाल तक्ता डॉक्टर लिहून देतात, त्यामागचा विचार इथला.

पंपाचा जन्म 1956 चा. रायकर या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखांच्या मुलीला दमा होता. औषध केसांच्या स्प्रेसारखं डबीत का येत नाही, असं तिने विचारलं आणि त्यातून मेडिहेलर निघाला. लोकांना तो जादूसारखा वाटला. मग 1960 च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये दम्याने होणारे मृत्यू वाढले. संशय गेला श्वासनलिका सैलावणाऱ्या आयसोप्रेनालिन या औषधाच्या जास्त ताकदीच्या पंपांवर. साल्ब्युटामॉल 1969 मध्ये आलं, हृदयाला कमी त्रास देणारं. श्वासनलिकांची आतली सूज कमी ठेवणारा बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा पंप मात्र 1972 चा. म्हणजे ‘दम लागला की फवारा’ हा धडा पक्का झाल्यावर ‘दम नसतानाही रोज घ्या’ हा दुसरा धडा आला, तोही स्टेरॉइड हे बदनाम नाव घेऊन.

2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दम्याच्या पेशंटना त्यांच्या आजाराबद्दल विचारलं होतं. निम्म्याहून अधिक जणांच्या लेखी त्रास नसेल तेव्हा दमाही नव्हता. अशी माणसं रोजचं औषधही कमी घेत होती.

आपल्याकडे यात आणखी गाठी पडतात. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर दमा ‘ॲलर्जीचा खोकला’ होतो. पंप म्हणजे शेवटचा उपाय आणि गोळी म्हणजे सौम्य, हा समज तर शिकलेल्या घरांतही भेटतो. हिशेब नेमका उलटा आहे: साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचं औषध पोटात जातं आणि सगळ्या अंगभर फिरतं. हात थरथरतात, छाती धडधडते, ते त्यामुळेच. शिवाय आजार एकदाचा मुळापासून जावा ही आस असतेच. त्यापायी कोजागरीला खिरीतून औषध घेतलं जातं, मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळला जातो. जन्मभर रोज दोन फवारे, या सल्ल्यापुढे तीन वर्षांतून तीनदा मासा गिळणं सोपं वाटलं तर नवल नाही. 2019 च्या जागतिक अंदाजांनुसार दम्याचे सुमारे 13 टक्के रुग्ण भारतात होते, मृत्यू मात्र 40 टक्क्यांहून अधिक.

त्याच वर्षी ‘जिना’ या दम्याच्या जागतिक उपक्रमाने, प्रौढ आणि किशोरवयीनांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये, असं सांगितलं. सौम्य दम्यासाठी बुडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप, तोही लागेल तेव्हा घेतला तरी चालेल, असा पर्याय पुढे आला. फॉर्मोटेरॉल लगेच आराम देतं आणि त्याच फवाऱ्यातून स्टेरॉइडही पोचतं. पन्नास वर्षं उपदेश करूनही पेशंटची सवय मोडेना, तेव्हा औषधानेच त्या सवयीशी जुळवून घेतलं, असं म्हणायला हरकत नाही. आपल्या दुकानांत मात्र चिठ्ठी न दाखवता मागितला जातो तो अजूनही साल्ब्युटामॉलचाच पंप, कारण तो स्वस्त आहे आणि त्याचा गुण लगेच कळतो.