पोत्यातलं सोयाबीन जिवंत आहे का?

पेरणीआधी विदर्भ-मराठवाड्यात अनेक शेतकरी घरच्या सोयाबीनची उगवण तपासतात. सरसकट 100 दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ती सुकू द्यायची नाही. पाच-सहा दिवसांनी उलगडून धड कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त निघाले तर बियाणं चालतं.

एवढा खटाटोप कशाला? कारण जिवंतपणाची शाळेत पाठ केलेली लक्षणं कोरड्या बियाला लागूच पडत नाहीत. हालचाल नाही, वाढ नाही, श्वसन जवळजवळ शून्य. मेलेला दाणा आणि जिवंत दाणा शेजारी ठेवला, तर जाणकारालाही नुसत्या नजरेने फरक सांगता येणार नाही.

बी पिकतं तसं त्यातलं पाणी घटत 10-12 टक्क्यांपर्यंत येतं. पेशीतला साखर-प्रथिनांचा द्रव आटत जातो आणि पाक थिजून कडक व्हावा तसा काचेसारखा घट्ट होतो. रेणू जागच्या जागी अडकतात. जगण्याच्या क्रिया थांबतात, पण झीजही फार मंदावते. थांबत मात्र नाही. तेलाचं ऑक्सिडीकरण होत राहतं, पेशींची पटलं कमकुवत होतात, डीएनए तुटत जातो. म्हणून भिजल्यावर बियाला आधी डागडुजी करावी लागते. ती जमली तरच कोंब. सोयाबीनची साल पातळ आणि मूळ फुटायची जागा सालीच्या अगदी लगत, त्यामुळे मळणीयंत्र जोरात फिरवलं किंवा पोती आदळली तरी उगवण घसरते.

प्रयोगशाळेला पाच-सहा दिवस थांबायची गरज नसते. दाणे रात्रभर ओल्या कागदात ठेवून मग टेट्राझोलियमच्या रंगहीन द्रावणात बुडवतात. जिवंत पेशींमधली विकरं त्याचं लाल रंगद्रव्य करतात, मेलेला भाग पांढराच राहतो. साल काढून डाळी उघडल्या की नकाशाच दिसतो: डाळीवर एखादा पांढरा ठिपका असला तर बिघडत नाही, मूळ फुटायची जागा पांढरी निघाली तर तो दाणा बाद. मला यातली खरी गंमत अशी वाटते, की एकच दाणा काही ठिकाणी जिवंत आणि काही ठिकाणी मेलेला असू शकतो.

हवा कोरडी असेल तर ही थिजलेली अवस्था किती टिकावी? इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेलं सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं खजुराचं बी 2005 मध्ये लावलं आणि ते उगवलं. झाड नर निघालं, त्याला ‘मेथुसेलाह’ नाव मिळालं. सोयाबीनच्या नशिबी हे नाही. आपल्या दमट पावसाळ्यात त्याचं बी एक-दोन हंगामांतच दम सोडतं.

आंबा आणि फणस तर मुळात थिजायलाच तयार नसतात. त्यांचं बी ओलंच, जागंच असतं. वाळवलं की मेलं. कोय ताजी असतानाच लावा म्हणतात ते यासाठी. त्यामुळे नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या उणे 18 अंशांच्या बियाणे-कोठारात आंब्याच्या कोयी ठेवून उपयोग नाही. आंब्याच्या जाती जपायच्या तर झाडंच राखावी लागतात, आणि त्याला कोठार नव्हे, एकरांनी जमीन लागते.