लास्ट पोस्ट मुळात शोकाचा नव्हता

ठाणेकरांच्या कानावर बिगुल पडतो तो बहुधा मानवंदनेच्या वेळीच. २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, ‘शोक शस्त्र’चा हुकूम होतो, बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे वळतात, माना झुकतात आणि लास्ट पोस्ट सुरू होतो. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान शहीद झाले, त्यांच्या स्मरणाचा हा दिवस. डोळे भरून येतात, यायलाच हवेत. पण ही धून छावणीतल्या रोजच्या रात्रीसाठी होती.

ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात तो इंग्रजांच्या हाती गेला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. त्या काळी मराठी फौजेचे इशारे नगारा, शिंग आणि कर्ण्यावर चालत, तर युरोपीय पायदळाचे मुख्यतः ढोलावर. ढोलाचं कातडं पावसात सैल पडतं, शिवाय झाडीतून विखरून लढणाऱ्यांना ढोल घेऊन धावता येत नाही. म्हणून जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सैन्याने १७५८ च्या सुमारास शिकाऱ्यांचं अर्धचंद्राकृती शिंग उचललं. पुढे ब्रिटिशांच्या हलक्या पायदळाने ते आपलंसं केलं आणि त्यातूनच आजचा बिगुल आला.

बिगुलाला ना छिद्रं, ना कळा. ओठांचा ताण आणि फुंकर बदलून जेमतेम पाच-सहा स्वर निघतात, आणि छावणीचा सगळा दिवस त्यांवरच चालायचा. घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर येण्यापूर्वी शेकडो माणसांना एकाच क्षणी हलवायचं तर दुसरा उपाय नव्हता. पहाटे उठायचा रिव्हेली, मग हजेरी, जेवण, आजारी जवानांनी डॉक्टरांकडे जाण्याचा इशारा. स्वर तेच, त्यामुळे ओळख पटायची ती लयीवरून. सैनिक प्रत्येक चालीवर आपले शब्द बसवून ती पाठ करत. सूर्यास्ताला रिट्रीट वाजला की निशाण उतरायचं.

रात्री अधिकारी पहाऱ्याच्या चौक्या तपासत फिरायचा. फेरी सुरू होताना फर्स्ट पोस्ट, शेवटची चौकी पाहून झाली की लास्ट पोस्ट. पहारे जागेवर आहेत, आता निश्चिंत झोपा, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर दिवे मालवायचा इशारा.

एकोणिसाव्या शतकात हीच धून सैनिकाच्या दफनाच्या वेळी वाजू लागली. मला ही निवड फार योग्य वाटते. शोकासाठी वेगळं संगीत न आणता सोबत्यांनी त्याला त्याचीच रोजची धून दिली: तुझा पहारा संपला. मानवंदनेत लास्ट पोस्टनंतर स्तब्धता असते, आणि मग राउज, म्हणजे सकाळी अंथरुणातून उठवणारी धून, वाजतो. तो झाल्याशिवाय मानवंदना पुरी होत नाही, म्हणून लास्ट पोस्ट संपताच कुजबुज सुरू करू नये.

बेल्जियममधल्या ईप्रच्या मेनिन गेटवर पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यांत भारतीयही आहेत. तिथे १९२८ मध्ये रात्री आठला लास्ट पोस्ट वाजवण्याची प्रथा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यामुळे ती खंडित झाली. ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश सैन्याने शहर सोडवलं आणि त्याच संध्याकाळी, आसपास लढाई चालू असतानाच, बिगुल पुन्हा वाजला.