एकच डीएनए, निरनिराळ्या पेशी: सी अर्चिनच्या भ्रूणातील क्रोमॅटिन-संशोधनाची पार्श्वभूमी

सी अर्चिन या समुद्रातील काटेरी, गोलसर प्राण्याची अंडी समुद्राच्या पाण्यातच फलित होतात, अनेक जातींमध्ये ती पारदर्शक असतात आणि त्यांची सुरुवातीची विभाजने जवळजवळ एकाच वेळी होतात. त्यामुळे भ्रूणविज्ञानाचे कितीतरी मूलभूत प्रश्न प्रथम याच प्राण्यावर तपासले गेले. ऑस्कर हर्टविग यांनी 1876 मध्ये शुक्रपेशी आणि अंडपेशी यांची केंद्रके एकत्र येतात हे याच अंड्यांत दाखवले. पुढचा प्रश्न ओघानेच आला: या एका केंद्रकापासून निर्माण झालेल्या पेशींपैकी कोणी आतडे व्हायचे आणि कोणी कंकाल, हे ठरते कसे?

हान्स ड्रीश यांनी 1891 मध्ये दोन पेशींच्या अवस्थेतील भ्रूण जोराने हलवून पेशी अलग केल्या, तेव्हा एकेकट्या पेशीपासूनही आकाराने लहान पण पूर्ण अळी तयार झाली. याचा अर्थ, विभाजनात केंद्रकातील काहीही हरवत नव्हते. थिओडोर बोव्हेरी यांनी 1902 मध्ये दोन शुक्रपेशींनी फलित झालेल्या अंड्यांवरून दुसरी बाजू मांडली: अशा अंड्यांत गुणसूत्रांची वाटणी असमान होते आणि विकास बिघडतो, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे असले पाहिजे. चौथ्या विभाजनानंतर मात्र भ्रूणातील पेशी उघडच निराळ्या दिसू लागतात. एका टोकाला आठ मध्यम आकाराच्या पेशी, त्याखाली चार मोठ्या आणि अगदी तळाशी चार इवल्या, ज्यांना मायक्रोमिअर म्हणतात आणि ज्यांपासून पुढे कंकाल बनतो. स्वेन हर्स्टाडियस यांनी 1930 च्या दशकात या मायक्रोमिअर उचलून भ्रूणाच्या वरच्या टोकाशी बसवल्या, तर तेथे शेजारच्या पेशींपासून दुसरे आतडे तयार झाले. स्वतः मायक्रोमिअरनी मात्र आपला कंकालाचा मार्ग सोडला नाही. 1975 मध्ये कायो ओकाझाकी यांनी तर भ्रूणापासून पूर्ण तोडलेल्या मायक्रोमिअर वाढवून त्यांच्याकडून कंकालाच्या कांड्या तयार करवून घेतल्या.

या इतिहासात प्रयोगांची ही मालिका आवर्जून सांगितली जाते, पण सत्तरच्या दशकातील हिस्टोनवरील, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळला जातो त्या प्रथिनांवरील, कामाला तितके स्थान मिळत नाही. माझ्या मते ते अन्यायाचे आहे, कारण डीएनए तोच राहूनही त्याची बांधणी बदलू शकते याचा ठोस रासायनिक पुरावा भ्रूणविज्ञानाला प्रथम ज्या कामांतून मिळाला, त्यांत याची गणना व्हायला हवी. 1974 मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी क्रोमॅटिनच्या, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या एकत्रित बांधणीच्या, पुनरावर्ती एककाची कल्पना मांडली: हिस्टोनांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेला डीएनए, ज्याला पुढे न्यूक्लिओसोम म्हटले गेले. लगेच 1975 मध्ये सी अर्चिनच्या भ्रूणात विकासाच्या टप्प्यांप्रमाणे हिस्टोनांचे प्रकार बदलतात असे दिसून आले. शुक्रपेशीचे क्रोमॅटिन अतिशय घट्ट असते. त्यात एका न्यूक्लिओसोमपासून पुढच्यापर्यंतचे अंतर सुमारे 240 बेस-जोड्यांचे (डीएनएच्या अक्षर-जोड्यांचे), म्हणजे ज्ञात अंतरांपैकी सर्वांत मोठ्यांत गणले जाणारे आहे, आणि त्याचे खास हिस्टोन इतरत्र आढळत नाहीत. फलनानंतर ही बांधणी मोडून अंड्याने आधीच साठवलेल्या हिस्टोनांची नवी बांधणी उभी राहते, मग सुरुवातीच्या आणि नंतर उशिराच्या प्रकारांची पाळी येते. सुरुवातीच्या प्रकारांची जनुके जीनोममध्ये शेकडो प्रतींत, रांगेने असतात. वेगाने होणाऱ्या विभाजनांना एवढे हिस्टोन पुरवायचे तर ही संख्या लागणारच. त्यांचे काही संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारे जनुकांचे उतारे, अंड्याच्या केंद्रकात कोंडून ठेवलेले असतात आणि पहिल्या विभाजनात केंद्रकाचे आवरण विरघळल्यावरच ते बाहेर पडतात.

हिस्टोनांचा हा बदल काळानुसार होतो. एकाच वेळी शेजारी असलेल्या दोन पेशी वेगळ्या का होतात, हे त्यावरून समजत नाही. ते समजण्यासाठी डीएनएवर कोणते प्रथिन कोठे बसते हे पाहावे लागले. अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेमधील एरिक डेव्हिडसन यांच्या गटाने 2002 मध्ये जांभळ्या सी अर्चिनच्या भ्रूणातील नियामक जनुकांचे, म्हणजे इतर जनुके चालू-बंद करणाऱ्या जनुकांचे, जाळे प्रसिद्ध केले. 2006 मध्ये त्याच जातीचा जीनोम हाती आला. मायक्रोमिअरमध्ये पीमार1 हे दमनकारी, म्हणजे जनुके बंद ठेवणारे, प्रथिन हेस-सी या दुसऱ्या दमनकर्त्याला थोपवते आणि त्यामुळे कंकालाच्या जनुकांवरचा बंध सुटतो. इतर पेशींत हा बंध कायम राहतो.

क्रोमॅटिनचे खुले भाग, म्हणजे जेथे बांधणी सैल असून प्रथिने डीएनएपर्यंत पोहोचू शकतात ते, जीनोमभर मोजणारे तंत्र 2013 मध्ये आले आणि 2018 मध्ये ते कंकाल बनवणाऱ्या पेशींवर वापरून या पेशींत खुले असलेले नियामक तुकडे, म्हणजे जनुके चालू-बंद करणारे डीएनएचे भाग, ओळखता आले. यातून एक जुने निरीक्षण पुन्हा महत्त्वाचे ठरते: या पेशी भ्रूणातून काढून टाकल्या, तर मध्यस्तरातील (भ्रूणाच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांमधील थरातील) दुसऱ्या पेशी आपला मार्ग बदलून कंकाल उभा करतात. म्हणजे ज्या पेशींत हे तुकडे वापरात नव्हते, त्यांतही ते कामात आणता येतात, आणि ते कोणत्या क्रमाने होते हा आता क्रोमॅटिनच्या पातळीवर तपासण्याजोगा प्रश्न आहे.