शिंपली उकळली, विष जसंच्या तसं

किनाऱ्यावरून गोळा केलेल्या शिंपल्यांबद्दलचा एक जुना सल्ला अजून टिकून आहे: पातेल्यात चांदीचं नाणं टाका, ते काळं पडलं नाही तर खुशाल खा. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. म्हणजे फार तर कुजकं मांस कळेल. शिंपल्यांमधून माणूस मारणारं सर्वांत कुप्रसिद्ध विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन, आणि त्याच्या रेणूत गंधकाचा एक अणूही नाही. नाणं लख्ख राहील आणि जेवणारा आडवा होईल.

‘ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात आर नाही, त्या महिन्यात कालवं खाऊ नका’ हा नियमही असाच. मे ते ऑगस्ट हा उत्तर गोलार्धातला उन्हाळा. उष्ण पाण्यात जिवाणू वाढतात, कालवं अंडी सोडून रोडावतात, एवढं तथ्य त्यात आहे. पण शिंपल्यांना विषारी करणाऱ्या शैवालांना स्पेलिंग येत नाही आणि दक्षिण गोलार्धात ऋतूच उलटे असतात.

मुळात शिंपली खाते काय, इथून सुरुवात करू. तिसऱ्या, कालवं, शिनाणे हे सगळे गाळून खाणारे जीव. कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांनी ते पाणी आत ओढतात, कण अडवतात आणि पाणी सोडून देतात. चांगला वाढलेला शिनाणा तासाला लिटर-दोन लिटर पाणी गाळतो. त्या पाण्यात अलेक्झांड्रियमसारखे विष बनवणारे एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट (एक प्रकारची सूक्ष्म शैवालं) असतील, तर दिवसभरातल्या सगळ्यांचं विष एका घासाएवढ्या मांसात साठत जातं. शैवालांच्या बहराने पाणी लाल दिसायलाच हवं असं नाही. काही लाल लाटा बिनविषारी असतात, आणि नितळ पाण्यातली शिंपली विषारी असू शकते, कारण शैवालाचा बहर ओसरला तरी साठा उरतो. शिनाण्यांमधून तो बहुधा काही आठवड्यांत निघून जातो. बटर क्लॅम नावाच्या शिंपलीत दोन वर्षांपर्यंत राहू शकतो. सॅक्सिटॉक्सिन हे नाव आलं ते हिच्याच शास्त्रीय नावावरून.

आता त्या रेणूकडे नीट पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे.

मज्जातंतूतला संदेश म्हणजे सोडियम आयनांची लाट. पेशीच्या आवरणात सोडियमसाठी खास दारं असतात. विजेचा दाब बदलला की दार उघडतं, धन प्रभाराचे सोडियम आयन आत घुसतात, दाब आणखी बदलतो, शेजारचं दार उघडतं. एका दारातला हा खेळ एखाद-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. दाराच्या बाहेरच्या तोंडाशी ऋण प्रभाराच्या अमिनो आम्लांचं कडं असतं. सोडियमला ओढून घेणारं आमिष म्हणा ना. सॅक्सिटॉक्सिनच्या रेणूवर ग्वानिडिनियम नावाचे दोन गट आहेत, दोन्ही धन प्रभाराचे. ते त्याच कड्याकडे खेचले जातात आणि रेणू दाराच्या तोंडात बुचासारखा बसतो. तो आत जात नाही, काही जाळत नाही, पेशी मारतही नाही. फक्त वाट अडवतो. पुरेशी दारं अशी बुजली की मेंदूचा ‘श्वास घे’ हा निरोप श्वासपटलापर्यंत पोचत नाही.

मग शिंपली स्वतः का मरत नाही? 2005 मध्ये मऊ कवचाच्या एका शिंपलीबद्दल याचं सुरेख उत्तर मिळालं. जिथे विषारी बहर वारंवार येतात, तिथल्या काही शिंपल्यांच्या सोडियम दारात एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अॅस्पार्टिक आम्ल असतं. या दोन अमिनो आम्लांच्या लांबीत फरक एका कार्बनचा. तेवढ्याने बूच सैल होतं आणि विषाची पकड सुमारे हजार पटीने कमी होते. आपल्यासाठी ही बातमी वाईट आहे: अशी शिंपली बहरातही निवांत गाळत राहते आणि जास्त विष साठवते. जिवंत, टपोरी, टिचकी मारताच घट्ट मिटणारी शिंपली ताजी असते, निर्विष असेलच असं नाही.

उकळून जिवाणू मरतात, कारण त्यांची प्रथिनं उष्णतेने विस्कटतात. सॅक्सिटॉक्सिन प्रथिन नाही, छोटा आणि चिवट रेणू आहे. उकळल्यावर त्यातला काही भाग पाण्यात उतरतो इतकंच, म्हणून रस्साही तितकाच धोक्याचा. गोठवूनही उपयोग नाही. शिंपल्या दर लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेल्या गार पाण्यात, उथळ भांड्यात, एकावर एक न रचता काही तास ठेवल्या की वाळू ओकतात. (गोड्या पाण्यात ठेवल्या तर मिटून बसतात किंवा मरतात.) पण या काही तासांत विष बाहेर पडत नाही.

थोडक्यात, घरी करता येईल अशी कुठलीही भरवशाची परीक्षा नाही. बऱ्याच देशांत विक्रीसाठीची मर्यादा किलोमागे 800 मायक्रोग्रॅम आहे आणि ती प्रयोगशाळेतच मोजली जाते. म्हणून त्या किनाऱ्यासाठी सरकारी बंदी किंवा इशारा आहे का, हे त्याच दिवशी पाहायचं. जिथे अशी तपासणीच होत नाही, तिथे गाळून खाणारे जीव गोळा करू नयेत. खेकड्याच्या पायांतलं मांस तुलनेने बरं. कवचातला पिवळा-हिरवा गोळा मात्र टाकून द्यावा, विष साठतं ते तिथे. समुद्रशैवाल घ्यायचं तर खडकाला चिकटलेलं, बुडखा शाबूत ठेवून कात्रीने कापलेलं घ्यावं, वाहून आलेलं नको. सांडपाण्याच्या तोंडाजवळून किंवा मोठ्या पावसानंतरच्या दिवसांत तर काहीच नको.

भरती-ओहोटीचं गणितही हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत मागे जातं. ओहोटीच्या तळवेळेआधी तासभर उतरावं आणि तळवेळ झाली की परतीला लागावं. पाणी एकसारखं चढत नाही: सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला साधारण बारावा हिस्सा चढतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं. मुलं खडकाच्या पलीकडे रमलेली असतात ती नेमकी याच वेळी.

विषबाधेची पहिली खूण ओठ आणि जीभ मुंग्या आल्यासारखी होणं, बहुधा अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत. मग बोटं बधिर होतात, तरंगल्यासारखं वाटतं, तोल जातो, बोलणं अडखळतं. शुद्ध बहुधा शाबूत असते, त्यामुळे बघणाऱ्यांना प्रकार किरकोळ वाटतो. ओठांना मुंग्या येताच रुग्णालय गाठायचं, झोपून बघू म्हणायचं नाही. उतारा नाही, पण बूच कायमचं बसत नाही: रेणू सुटतो आणि मूत्रपिंडं त्याला बाहेर टाकतात. तोवर यंत्राने श्वास चालू ठेवला तर माणूस सहसा पूर्ण बरा होतो. पहिले बारा तास कसोटीचे. उरलेल्या शिंपल्या फेकू नयेत, पिशवीत बांधून सोबत न्याव्यात.