रेडिओविना नंबर एक: आयर्न मेडनच्या रेकॉर्ड्स आणि चार्टची पार्श्वभूमी

१९९० च्या नाताळात ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर, म्हणजे एकेका गाण्याच्या रेकॉर्ड्सच्या क्रमवारीत, सगळ्यात वर होता क्लिफ रिचर्ड, आपल्या लखनौत जन्मलेला. गाणं होतं ‘सेव्हियर्स डे’. सणाचं, सोज्वळ, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालणारं. पुढच्याच आठवड्यात त्याला खाली ढकललं ते आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या ‘ब्रिंग युअर डॉटर... टू द स्लॉटर’ने. नावातच कत्तल असलेलं हे गाणं बीबीसी रेडिओने जेमतेम वाजवलं. त्याचा पूर्वेतिहासही काही भूषणावह नव्हता. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याने ते आधी एका भयपटासाठी एकट्याने गायलं होतं आणि त्या अवताराला वर्षातल्या सर्वांत वाईट गाण्याचा ‘गोल्डन रॅस्पबेरी’ मिळाला होता. तरीही आयर्न मेडनने नव्याने रेकॉर्ड केलेलं हे गाणं दोन आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. ब्रिटनमधलं त्यांचं हे एकमेव नंबर एक सिंगल.

हे घडलं कसं, ते समजून घ्यायला तिथला चार्ट कसा बनायचा ते पाहावं लागतं. अमेरिकेच्या ‘हॉट १००’ या चार्टमध्ये विक्रीबरोबर रेडिओवर गाणं किती वाजलं हेही धरलं जायचं. ब्रिटनचा चार्ट मात्र निव्वळ विक्रीवर चालायचा. १९८३ पासून हे काम गॅलप ही पाहणी करणारी संस्था करत होती: नेमून दिलेल्या दुकानांत काय खपलं त्याची मोजदाद. रेडिओवाल्यांनी तोंड फिरवलं तरी दुकानातल्या गल्ल्यावर लोक आले की झालं. आणि मेडनचे लोक यायचे, पहिल्याच आठवड्यात, सगळे एकदम. ‘ब्रिंग युअर डॉटर’ बाजारात आलं २४ डिसेंबरला. नाताळाची खरेदी उरकल्यावर दुकानं थंडावतात, नेमक्या त्या आठवड्याची विक्री मोजली जाणार होती. मॅनेजर रॉड स्मॉलवुडला बाजाराची नाडी कळत नव्हती असं कोणी म्हणणार नाही. एकच गाणं सात इंची, बारा इंची, चित्र छापलेली रेकॉर्ड, कॅसेट अशा निरनिराळ्या रूपांत निघायचं आणि पक्का चाहता ती सगळी रूपं घ्यायचा. ही चलाखीच होती, पण ती एकट्या मेडनची नव्हे. त्या काळी सगळा धंदाच तशी करायचा. फरक इतकाच की मेडनकडे रूपं गोळा करणारे खरोखरच होते.

हा गोतावळा जमला कुठून, तर पूर्व लंडनच्या पबांमधून. लेटनच्या स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या नाताळात बँड उभा केला. पुढची तीन वर्षं माणसं येत-जात राहिली. टिकला तो बेस वाजवणारा हॅरिस. पंक हा साधा, आक्रमक रॉक जोरात होता आणि रेकॉर्ड कंपन्यांना लांब केसांची, लांबलचक सोलो वाजवणारी पोरं नको होती. १९७८ च्या ३० आणि ३१ डिसेंबरला बँडने केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड केली. गायला होता पॉल डिअ‍ॅनो. मास्टर टेप विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून फक्त प्रत घेऊन मंडळी घरी गेली. पैसे जमवून परत आली तेव्हा स्टुडिओने ती टेप पुसून टाकली होती. पुढच्या साऱ्या इमारतीचा पाया असलेलं हे रेकॉर्डिंग त्यामुळे प्रतीवरूनच जगलं.

ती कॅसेट पोचली नील के नावाच्या डीजेकडे. वायव्य लंडनमधल्या किंग्सबरीच्या एका पबमागच्या दालनात तो ‘साउंडहाउस’ चालवायचा. तिथे फक्त हेवी रॉक वाजायचं, पोरं पुठ्ठ्याच्या गिटारी घेऊन नाचायची आणि गाण्यांच्या फर्माइशी द्यायची. त्या फर्माइशींवरून नील के एक यादी बनवायचा आणि ती ‘साउंड्स’ या साप्ताहिकात छापून यायची. त्या यादीत मेडनचं ‘प्राउलर’ पहिल्या क्रमांकावर गेलं. रेकॉर्ड निघालेली नाही, कंपनी नाही, बाजारात काही विकत मिळत नाही आणि गाणं नंबर एक! मेडनने जिंकलेला पहिला चार्ट हा असा, एका पबच्या फर्माइशींचा.

लोक मागणी करू लागले तेव्हा चारांतली तीन गाणी घेऊन ‘द साउंडहाउस टेप्स’ ही छोटी रेकॉर्ड नोव्हेंबर १९७९ मध्ये निघाली. छापल्या ५००० प्रती, विक्री टपालाने. काही आठवड्यांत सगळ्या संपल्या. मोठ्या दुकानांकडून विचारणा होऊनही बँडने ती पुन्हा छापली नाही. डिसेंबरात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, त्यामागे या ५००० प्रतींचा वाटा मोठा होता. पत्ता लिहून, पैसे पाठवून, टपालाची वाट पाहणारा ग्राहक कंपनीला आयता मिळाला होता.

पुढची चढण झपाट्याची आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये ‘रनिंग फ्री’ सिंगल चौतिसाव्या क्रमांकावर आलं. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये सगळे कलाकार रेकॉर्डवर ओठ हलवायचे, मेडनने प्रत्यक्ष वाजवायचा हट्ट धरला आणि तो मान्य करून घेतला. एप्रिलमध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम आला आणि थेट चौथ्या क्रमांकावर गेला. त्याच्या आवाजाच्या दर्जावर हॅरिस कधीच खूश नव्हता, आणि कानाला ते पटतंही: गाणी धारदार, पण ध्वनिमुद्रण पातळ. १९८१ च्या ‘किलर्स’ला मार्टिन बर्च हा निर्माता मिळाला. डीप पर्पल या रॉक बँडच्या रेकॉर्ड्सवर हात बसलेला हा माणूस पुढे १९९२ पर्यंत मेडनबरोबर राहिला. आवाज सुधारला, पण अल्बम बाराव्या क्रमांकावरच थांबला. डिअ‍ॅनोची तब्येत आणि शिस्त दोन्ही ढासळली होती. तो गेला आणि सॅमसन बँडमधून डिकिन्सन आला.

‘द नंबर ऑफ द बीस्ट’ मार्च १९८२ मध्ये आला आणि मेडनचा पहिला नंबर एक अल्बम ठरला. आधी आलेलं ‘रन टू द हिल्स’ सातव्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. सॅमसनच्या कराराची कटकट मिटलेली नसल्याने या अल्बमवर डिकिन्सनचं नाव गीतकार म्हणून लागू शकलं नाही, ही आज गंमत वाटते. अमेरिकेत धर्माभिमानी गटांनी सैतानपूजेचा आरोप करून रेकॉर्ड्स जाळल्या. जाळायच्या म्हणजे आधी विकत घ्यायला हव्यात. तिथल्या चार्टवर अल्बम तेहतिसाव्या क्रमांकापर्यंत गेला आणि पुढे प्लॅटिनम झाला. अमेरिकेत प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती.

नंतरच्या सहा वर्षांत त्यांचं काम सर्वांत भरीव आहे. ‘पीस ऑफ माइंड’ १९८३, ब्रिटनमध्ये तिसरा. ‘पॉवरस्लेव्ह’ १९८४, दुसरा. ‘समव्हेअर इन टाइम’ १९८६, तिसरा. ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ १९८८, पुन्हा पहिला. ‘पॉवरस्लेव्ह’नंतरचा दौरा पोलंडमधून सुरू झाला आणि १८७ कार्यक्रमांनंतर संपला. १९८५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला जे रेकॉर्ड केलं, त्याचाच मुख्यतः ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ हा दुहेरी अल्बम झाला. माझ्या मते मेडनची एकच रेकॉर्ड घ्यायची तर हीच घ्यावी. स्टुडिओत थोडी आवळलेली वाटणारी गाणी इथे मोकळी होतात, आणि अमेरिकेत रेडिओवर न वाजणाऱ्या बँडला लाखो ग्राहक कुठून मिळाले याचं उत्तरही याच रेकॉर्डवर ऐकू येतं: गावोगावच्या सभागृहांतून.

डेरेक रिग्जने रंगवलेला एडी हा सांगाडा या काळात प्रत्येक वेष्टनावर होता. गाणं न ऐकताही माणूस दुकानात थबकायचा. १९८० च्या ‘सँक्च्युअरी’वर तर एडीने मार्गारेट थॅचरलाच सुरी दाखवली होती. रेडिओची जाहिरात नसताना वेष्टन हीच जाहिरात. १९९० च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत जुनी सिंगल्स दर आठवड्याला एक जोडी अशी दहा संचांत पुन्हा काढली गेली. प्रत्येक संचात एक कूपन. दहाही कूपनं जमवून पाठवली की संच ठेवायची पेटी घरी यायची. सोबत ड्रमर निको मॅकब्रेनच्या गप्पांचा एकेक तुकडा. ज्या वर्षाच्या शेवटी क्लिफ रिचर्ड खाली ढकलला गेला, त्या वर्षाची सुरुवात अशी झाली होती.

‘फिअर ऑफ द डार्क’ १९९२ मध्ये नंबर एक झाला, आणि मग उतार. १९९३ मध्ये डिकिन्सन गेला. ब्लेझ बेलीच्या आवाजातले दोन अल्बम आले: ‘द एक्स फॅक्टर’ आठव्या क्रमांकावर, १९९८ चा ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ सोळाव्यावर. स्टुडिओ अल्बमांत याहून खालचा क्रमांक त्यांना ब्रिटनमध्ये कधी मिळाला नाही. सगळं खापर बेलीवर फोडतात ते अन्यायाचं आहे. डिकिन्सनच्या पट्टीत लिहिलेली जुनी गाणी त्याला मंचावर झेपत नव्हती हे खरं, पण त्या दशकात सगळ्याच मेटलचे दिवस फिरले होते.

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परतले. कोणाला काढलं नाही, त्यामुळे गिटार तीन झाल्या. पॅरिसच्या गिओम तेल स्टुडिओत ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ झाला, आणि २००० नंतर गाणी लांबत गेली. आठ-दहा मिनिटांचं गाणं आता नित्याचं झालं. २०१५ च्या ‘द बुक ऑफ सोल्स’वर आर-१०१ या एअरशिपच्या, म्हणजे वायूने भरलेल्या अवाढव्य उडत्या जहाजाच्या, अपघातावरचं ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ तर अठरा मिनिटांचं आहे.

याच काळात भारताचा खरा संबंध येतो. मार्च २००७ मध्ये मेडन बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले आणि १ फेब्रुवारी २००८ ला त्यांचा नवा जगदौरा सुरू झाला तो मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. बँड, माणसं आणि सामान घेऊन आलेलं बोइंग ७५७ डिकिन्सन स्वतः चालवत होता. तो परवानाधारक वैमानिक आहे. त्या दौऱ्याच्या ‘फ्लाइट ६६६’ या ध्वनिमुद्रिकेवर प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे. सुरुवातीला चर्चिलचं भाषण आणि लगेच ‘एसेस हाय’, ते मुंबईचं. १९८४ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर विसाव्या क्रमांकापर्यंत गेलेलं हे गाणं मेडनच्या अधिकृत रेकॉर्ड्समध्ये बीकेसीच्या गर्दीच्या आवाजासकट जमा आहे. त्या रात्री मैदानात ओरडलेल्यांना हे माहीत असतंच. बाकीच्यांना सांगायला त्यांना आवडतंही.

खरी गंमत आकड्यांची आहे. ऐन भरात, लाखो प्रती खपत असताना अमेरिकेत ‘पॉवरस्लेव्ह’ एकविसाव्या क्रमांकापुढे गेला नाही. पहिल्या दहांत मेडन प्रथम पोचले २००६ मध्ये, नवव्या क्रमांकावर. २०१० चा ‘द फायनल फ्रंटियर’ चौथा, ‘द बुक ऑफ सोल्स’ही चौथा, आणि दोन्ही ब्रिटनमध्ये नंबर एक. मेडन अचानक जास्त लोकप्रिय झाले असं नव्हे. भोवतालचे लोक रेकॉर्ड विकत घ्यायचे थांबले आणि मेडनचे थांबले नाहीत. बाजाराचं पाणी ओसरलं तसा हा खडक उंच दिसू लागला.

सप्टेंबर २०२१ च्या ‘सेनजुत्सु’त हे लख्ख दिसतं. रेकॉर्डिंग २०१९ मध्येच झालं होतं आणि दोन वर्षं ते गुपित राहिलं. तोवर चार्टमध्ये स्ट्रीमिंगही विक्रीत रूपांतर करून धरलं जात होतं. अमेरिकेत पहिला ड्रेक, दुसरा कान्ये वेस्ट, दोघेही रॅपर आणि दोघेही प्रामुख्याने स्ट्रीमिंगच्या जोरावर, आणि तिसरे मेडन, त्यांचा तिथला आजवरचा सर्वोच्च क्रमांक. पहिल्या आठवड्याच्या त्यांच्या सुमारे ६४ हजारांच्या हिशेबात ६१ हजार ही प्रत्यक्ष अल्बम विक्री होती. ब्रिटनमध्येही ड्रेकमुळेच पहिला नंबर हुकला. तिथे ते दुसरे आले.

सतरा स्टुडिओ अल्बम, त्यांतले पाच ब्रिटनमध्ये नंबर एक: १९८२, १९८८, १९९२, २०१० आणि २०१५. पन्नाशीनिमित्त मे २०२५ मध्ये बुडापेस्टहून सुरू झालेल्या दौऱ्यासाठी मात्र बँडने पहिल्या नऊ अल्बमांतलीच, म्हणजे ‘फिअर ऑफ द डार्क’पर्यंतचीच गाणी निवडली. शेवटच्या दोन नंबर एक अल्बमांतलं त्यात एकही नाही.