पीआरमध्ये एजन्सी की कंपनी: कोकणातून बघितलेली पार्श्वभूमी

पीआर म्हणजे जनसंपर्काच्या कामासाठी रत्नागिरी-चिपळूणकडची मास कॉम केलेली पोरं हल्ली हमखास विचारतात, एजन्सीत (म्हणजे अनेक कंपन्यांचं हे काम बाहेरून करणाऱ्या फर्ममध्ये) जाऊ की डायरेक्ट कंपनीत? उत्तर मिळतं ते पगार आणि कामाचे तास यावरून. पण ही दोन कामं वेगळी झाली कशी ते बघितलं तर जास्त उलगडतं, आणि त्यातला बराच भाग आपल्या कोकणातच घडलाय.

मूळ अमेरिकेतलं. 1889 साली वीज एसी प्रकारची द्यायची की डीसी या भांडणात वेस्टिंगहाउस कंपनीने एडिसनच्या विरोधात स्वतःची बाजू मांडायला एक पत्रकार पगारावर ठेवला. पहिली एजन्सी त्यानंतर, 1900 मध्ये, बोस्टनची पब्लिसिटी ब्युरो. म्हणजे घरचा माणूस आधी आला. आयव्ही ली या सुरुवातीच्या जनसंपर्कवाल्याने तर दोन्ही केलं. 1906 मध्ये अटलांटिक सिटीला रेल्वेचा मोठा अपघात झाला तेव्हा तो बाहेरचा सल्लागार होता, त्याने माहिती दडपायच्या ऐवजी पत्रकारांना लिहूनच दिली (प्रेसनोटची सुरुवात इथून धरतात) आणि पुढे त्याच रेल्वे कंपनीत नोकरीला लागला.

आपल्याकडे टाटांनी 1943 मध्ये मुंबईत जनसंपर्क विभाग काढला. एजन्सी वाढल्या त्या 1991 नंतर, कारण परदेशी कंपन्या आल्या आणि त्यांना इथलं मंत्रालय, इथले पेपर, इथलं राजकारण काहीच ठाऊक नव्हतं.

कोकणात तोवर जनसंपर्क म्हणजे मुख्यतः जिल्हा माहिती कार्यालय. मग 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं, हजारो खातेदारांच्या जमिनी घ्यायच्या होत्या, आणि ते काम महामंडळाची स्वतःची माणसं गावोगाव फिरून करत होती. सगळं सुरळीत झालं असं नाही, गोव्यात मार्गावरून चांगलंच पेटलं होतं, पण समोर बोलायला येणारा माणूस त्याच महामंडळाचा होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच काळात गुहागरला एन्रॉन ही अमेरिकन कंपनी वीजप्रकल्प घेऊन आली. 1995 मध्ये कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकन काँग्रेससमोर सांगितलं की लोकांना समजावण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर आम्ही सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले, आणि तो 'समजावण्याचा' खर्च इकडे लाच दिल्याच्या आरोपाचा आधार झाला. वेलदूर-अंजनवेलकडचे लोक विचारत होते पाण्याचं काय, मासळीचं काय, जमिनीचं काय. ऑगस्ट 1995 मध्ये युती सरकारने करार रद्द केला, पुढच्या वर्षी नव्या अटींवर पुन्हा केला, 2001 मध्ये वीजनिर्मितीच बंद पडली. एवढ्या पैशात गावच्या प्रश्नांना गावात बसून उत्तर देणारा, लोकांचा विश्वास असलेला एक माणूस उभा राहू नये याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे जैतापूरचा अणुप्रकल्प, मग नाणार आणि बारसूची रिफायनरी. प्रत्येक वेळी सादरीकरणं, पत्रकं आणि पत्रकार परिषदा झाल्या, नाणारची जागा 2019 मध्ये रद्दच झाली.

आज जयगड, लोटे, रनपार इथल्या कारखान्यांचे पीआरओ बघा, बरेचदा जुना बातमीदार नाहीतर निवृत्त सरकारी अधिकारी सापडतो, त्याला सरपंच, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, तालुका वार्ताहर सगळे नावाने ओळखतात, शिमग्याला पालखी कुठल्या वाडीत कधी हे त्याला पाठ असतं. लोट्यात वायुगळती झाली की रात्री पहिला फोन त्यालाच जातो. एजन्सीचं पोरगं मुंबईत तीन-चार क्लायंट एकदम सांभाळत असतं, सकाळी निवेदन लिहून पाठवतं, आणि त्यात कधीकधी गावाचा तालुकाच चुकलेला असतो. पण वेगात लिहिणं, मुंबईच्या संपादकांशी बोलणं, संकटात चार वेगवेगळ्या कंपन्या कशा वागतात ते बघणं, हे शिक्षण एजन्सीतच मिळतं. म्हणून मी पोरांना सांगतो, आधी दोन-तीन वर्षं मुंबईला एजन्सी करा आणि मग इकडच्या कंपनीत या, फक्त येताना ही नोकरी गावात राहूनच करायची या तयारीने या.