१९२८ ची ८०० मीटर शर्यत: बायका खरंच कोसळल्या होत्या का?

लांब पल्ल्याचं धावणं बायकांच्या शरीराला झेपत नाही, याचा पुरावा म्हणून कित्येक वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ८०० मीटर शर्यतीत ११ जणी धावल्या, पाच जणींनी अर्ध्यातच शर्यत सोडली आणि उरलेल्यांतल्या बहुतेक शेवटच्या रेषेवर कोसळल्या, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं.

हे खोटं आहे. अंतिम फेरीत नऊच धावपटू होत्या आणि नवांच्या नवांनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. दुसरी आलेली जपानची किनुए हितोमी आणि तिसरी आलेली स्वीडनची इंगा गेंट्झेल, दोघीही जुन्या विक्रमापेक्षा वेगात धावल्या होत्या. जीव तोडून पळाल्यावर कुणी धापा टाकत जमिनीवर टेकणारच, पुरुषही टेकतात. १९०८ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री अनेकदा पडला, लोकांनी आधार देऊन त्याला रेषेपार नेलं आणि म्हणून तो बाद ठरला. तरी राणीने त्याला चषक दिला, जगाने डोक्यावर घेतलं. पुरुषांची मॅरेथॉन बंद करा, असं त्यावरून ठरलं नाही.

बायकांची ८०० मीटर मात्र ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली. ती परतली थेट १९६० साली, रोममध्ये. राडकेचा विश्वविक्रम ज्या शर्यतीत झाला, तिचीच बदनामी व्हावी, हा मला यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. महिलांच्या ऑलिंपिक मॅरेथॉनला तर १९८४ उजाडावं लागलं.